राजभाषा अधिनियम आणि भाषिक अल्पसंख्याक : जत तालुक्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

भाषावार प्रांतरचनेने बहुसंख्याकांच्या भाषेचा प्रश्न बव्हंशी सोडविला. सीमेवरील अल्पसंख्याकांचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. महाराष्ट्रात त्याची चर्चा बहुधा बेळगाव, खानापूर, निपाणीपुरती होते. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात हाच प्रश्न उलट बाजूने उभा आहे, याचा उल्लेख त्या चर्चेत क्वचितच येतो.

डफळे घराण्याचे जत संस्थान स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९४९ मध्ये निर्माण झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात (१९६० पासून सांगली) समाविष्ट झाले. तालुक्याच्या पूर्वेस, उमदी-संख परिसरात, कन्नड ही अनेक कुटुंबांची घरची भाषा आहे. महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात जतचा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यास देण्याची शिफारस केली. महाराष्ट्राने तो अहवालच अमान्य केला.

केंद्र सरकारच्या १९५६ च्या निवेदनानुसार, ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के असतील तेथे महत्त्वाच्या शासकीय सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत. परंतु हे निवेदन म्हणजे कायदा नव्हे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ मध्ये अशी प्रमाणाधिष्ठित तरतूद आढळत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार कोणासही गाऱ्हाणे संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येते. उत्तर कोणत्या भाषेत मिळावे, याविषयी अनुच्छेद मौन पाळतो. उमदीचा शेतकरी तहसीलदारांना कन्नडमध्ये अर्ज देऊ शकतो, पण निर्णय मराठीतच येणार. खानापूरच्या मराठी शेतकऱ्याची कन्नड उताऱ्याविषयीची तक्रार याहून वेगळी नाही, हे मान्य करणे आपल्याला जड जाते.

शिक्षणात मात्र चित्र निराळे आहे. शाळेत ४० किंवा वर्गात १० विद्यार्थी असल्यास मातृभाषेतून शिक्षण, हा निकष १९४९ मध्येच ठरला होता. जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत आणि बालभारती त्यांच्यासाठी कन्नड पाठ्यपुस्तके काढते. निकष मोजता येण्याजोगा होता आणि तो राबविणारी यंत्रणाही होती. कार्यालयीन व्यवहारास या दोन्ही गोष्टी लाभल्या नाहीत.

कायद्यानेच हे साधण्याची उदाहरणे आहेत. आंध्र प्रदेशाच्या १९६६ च्या अधिनियमाने विशिष्ट क्षेत्रांत तेलुगूबरोबर उर्दूच्या वापरास वाट ठेवली. कॅनडातील ओंटारिओ प्रांताने १९८६ च्या अधिनियमाद्वारे निर्दिष्ट क्षेत्रांतील नागरिकांना प्रांतिक शासनाच्या सेवा फ्रेंचमध्ये मिळविण्याचा हक्क दिला. तेथे फ्रेंच भाषकाला अर्जाचा तसाच उत्तराचाही अधिकार आहे.

२०२२ मध्ये कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जतमधील सुमारे ४० गावांच्या जुन्या ठरावांचा दाखला देऊन त्या गावांवर हक्क सांगितला. तेव्हा महाराष्ट्रात संतापाची प्रतिक्रिया उमटली. ठराव मुख्यतः पाण्याच्या प्रश्नावरून, २०१२ च्या दुष्काळाच्या काळात झाले होते. बेळगावसाठी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल करणाऱ्या राज्याला मराठी भाषकांच्या सोयींचा आग्रह धरताना ज्या १९५६ च्या निवेदनाचा आधार घ्यावा लागतो, ते निवेदन जतलाही तितकेच लागू आहे.