कात्री, डिंक आणि कातिब

शाळेच्या कार्यालयातला कारकून असो, डीटीपी करणारा असो की प्रश्नपत्रिका टाईप करणारा शिक्षक, संगणकावर बसणाऱ्या प्रत्येकाला ‘कट’ आणि ‘पेस्ट’ हे शब्द ठाऊक आहेत. कट म्हणजे कापणे, पेस्ट म्हणजे चिकटवणे. संगणकात ना कात्री आहे ना डिंक. मग हे शब्द तिथे आले कसे? त्याचं उत्तर पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनसंस्थेच्या टेबलांवर सापडतं.

1970 साली झेरॉक्स कंपनीने अमेरिकेत पालो आल्टो इथे एक संशोधन केंद्र उघडलं. तिथल्या लोकांनी पडदा, कीबोर्ड आणि माऊस असलेला ‘आल्टो’ नावाचा संगणक बनवला आणि त्यावर मजकूर लिहिण्यासाठी ‘ब्राव्हो’ हा प्रोग्राम केला. प्रोग्राम हुशार होता, पण त्याचा एक स्वभाव विचित्र होता. कधी दाबलेलं अक्षर मजकुरात उमटायचं, तर कधी तेच अक्षर हुकूम ठरायचं. हुकूम घ्यायच्या अवस्थेत कोणी चुकून ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द टाईप केला की ‘ई’ने सगळा मजकूर निवडला जाई, ‘डी’ने तो पुसला जाई, ‘आय’ने नवीन लिहायला सुरुवात होई आणि दिवसभराच्या मेहनतीच्या जागी एकटं ‘टी’ उरे. बनवणाऱ्यांना यात फारसं वावगं वाटत नव्हतं. ते सरावले होते.

बोस्टनजवळची ‘जिन’ ही पाठ्यपुस्तकांची प्रकाशनसंस्था त्या वेळी झेरॉक्सच्या मालकीची होती. तिथल्या संपादकांसाठी नवा प्रोग्राम हवा होता. हे काम टिम मॉट आणि लॅरी टेस्लर या दोघांकडे आलं. त्यांनी प्रोग्राम लिहिण्याआधी एक साधी गोष्ट केली, जी तेव्हा फारसं कोणी करत नव्हतं. मॉट संपादकांजवळ जाऊन बसला आणि ते कसं काम करतात ते पाहत राहिला. संपादक कागदावर खुणा करत, परिच्छेद कात्रीने कापत आणि दुसरीकडे डिंकाने चिकटवत. मग त्यांना कोऱ्या पडद्यासमोर बसवून विचारलं गेलं की समजा हा तुमचा कागद आहे, तर तुम्ही काय कराल? पडद्यावर काहीच चालत नव्हतं. माणसं फक्त बोलत होती, हात दाखवत होती. टेस्लरनेही नुकत्याच कामाला लागलेल्या, अशा यंत्राची सवय नसलेल्या एका सेक्रेटरीला हेच विचारलं.

या बोलण्यातून 1975च्या सुमारास ‘जिप्सी’ हा प्रोग्राम तयार झाला. त्यात दाबलेलं अक्षर कधीच घात करत नसे, ते मजकुरातच उमटे. आणि संपादकांची कात्री व डिंक त्यात शब्दरूपाने आले. आज जगभर कोट्यवधी लोक रोज जी क्रिया करतात, तिचं मूळ असं कामाच्या टेबलावर आहे.

आम्हा बी.एड. केलेल्यांना यात ओळखीचं काही दिसेल. पाठ टाचण कितीही सुंदर असो, पाठ कसा झाला हे मुलाच्या वहीत कळतं. मूल जिथे अडतं, तिथे दोष मुलात शोधायचा की धड्यात, हा शिक्षकाच्या नियतीचा प्रश्न आहे.

टेस्लर 1980 साली ॲपल कंपनीत गेला आणि तिथे कार्यालयांसाठी बनत असलेल्या ‘लिसा’ संगणकाच्या चाचण्या त्याने घेतल्या. संगणकाशी ओळख नसलेल्या लोकांना बसवायचं, काम द्यायचं आणि ते कुठे थबकतात ते पाहायचं. त्या चाचण्यांचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. एका बटणावर ‘डू इट’, म्हणजे ‘कर’, असं लिहिलेलं होतं. एक माणूस ते बटण टाळून दुसरीकडेच जाई. विचारल्यावर कळलं की दोन शब्दांमधली जागा त्याच्या ध्यानात येत नव्हती आणि तो ते ‘डोल्ट’ असं वाचत होता. डोल्ट म्हणजे मठ्ठ. यंत्र आपल्याला मठ्ठ का म्हणतंय, असं त्याला वाटत होतं. ते बटण बदलून ‘ओके’ झालं. एका माणसाचं अडखळणं मनावर घेतलं गेलं, हे महत्त्वाचं.

पण अमेरिकेतल्या या कथेत एक प्रश्न विचारलाच गेला नाही. यंत्र सोपं झालं, पण ज्याच्या कामाकडे पाहून ते बनवलं, त्याच्या नोकरीचं काय? हा प्रश्न उत्तर युरोपातल्या कामगार संघटनांनी विचारला. नॉर्वेमध्ये 1970च्या दशकाच्या सुरुवातीला लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेने क्रिस्टेन नायगार्ड या संगणकशास्त्रज्ञाबरोबर काम केलं. कारखान्यात येणारी संगणकप्रणाली आपल्यावर काय परिणाम करणार, याचा अभ्यास कामगारांनी स्वतः केला. पुढे 1977च्या नॉर्वेच्या कायद्यात अशा प्रणालींची माहिती मिळण्याचा आणि त्यांच्या आखणीत सहभागी होण्याचा कामगारांचा हक्क नोंदला गेला.

1981 साली स्वीडन आणि डेन्मार्कच्या संशोधकांनी छपाई कामगारांच्या संघटनेसोबत ‘युटोपिया’ नावाचा प्रकल्प सुरू केला. शिशाचे खिळे जात होते, संगणक येत होता, आणि वर्तमानपत्राची पानं लावणाऱ्यांचा हुनर संपण्याच्या बेतात होता. संशोधकांनी आधी नव्या प्रणालीची वर्णनं लिहून दाखवली. कामगारांना त्यातून काही बोध होईना. मग पुठ्ठ्याची रिकामी खोकी मांडली, एका खोक्यावर ‘लेसर प्रिंटर’ असं लिहिलं, कागदाचे पडदे केले आणि सांगितलं की आता यावर पान लावून दाखवा. हातात वस्तू येताच कामगारांची जीभ मोकळी झाली. छोट्या पडद्यावर वर्तमानपत्राचं मोठं पान कसं पाहायचं, फोटो कसा बसवायचा, हे तेच सांगू लागले. त्यातून निघालेली प्रणाली बाजारात फार चालली नाही, पण कामगाराला सोबत घेऊन यंत्र घडवायची ही पद्धत जगात रुजली.

नेमक्या त्याच 1981 साली लाहोरमध्ये उर्दू वर्तमानपत्राच्या पानावर दुसरी क्रांती झाली. नस्तालिक ही लिपी खिळ्यांना कधी वश झाली नव्हती. तिचे शब्द उतरत्या रेषेत झुलतात आणि शेजारचं अक्षर बदललं की आकार बदलतो. म्हणून उर्दू वर्तमानपत्रं कातिब हाताने लिहीत. कराचीचे मिर्झा अहमद जमील यांनी 18,000च्या आसपास जोडाकृती लिहून काढल्या. त्यांतून मोनोटाइप कंपनीच्या यंत्रावर ‘नूरी नस्तालिक’ उभा राहिला आणि ‘जंग’ची लाहोर आवृत्ती त्यात निघाली. टाईप करणाऱ्याने फक्त साधी अक्षरं दाबायची. कोणती जोडाकृती हवी, ते यंत्र ठरवतं. ही सोय झाली, कारण बनवणारा स्वतः कलम धरणारा होता. पुढे 1994मध्ये दिल्लीहून ‘इनपेज’ आलं आणि आपल्याकडचा उर्दू मजकूरही संगणकावर गेला.

यात उर्दूचा फायदा झाला, हे निर्विवाद आहे. पण ज्या कातिबांच्या हातांनी तोवर वर्तमानपत्रं चालली, त्यांना स्टॉकहोमच्या कामगारांसारखं खोक्यापुढे बसवून कोणी विचारलं नाही. त्यांची ताकदवान संघटना नव्हती, की त्यांच्या बाजूचा कायदा नव्हता. जमील यांच्या बोटांतलं ज्ञान यंत्रात गेलं. बाकीच्यांच्या बोटांतलं काम गेलं.

हा प्रश्न जुना झालेला नाही. आज कार्यालयांतल्या ऑनलाइन अर्जांत नावासाठी तीन चौकोन असतात: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मराठवाड्यात ‘शेख सलीम शेख करीम’ अशी नावं घरोघर आहेत. आडनाव आधी, तेही दोनदा. ते तीन चौकोनांत कसं बसवायचं? एक कारकून एका तऱ्हेने भरतो, दुसरा दुसऱ्या तऱ्हेने. मग दाखला आणि बँकखातं जुळत नाही आणि मुलाची शिष्यवृत्ती अडकते. लोक म्हणतात, यांची नावंच अवघड. पण नाव आधीपासून होतं, चौकोन नंतर आले. अर्ज बनवणाऱ्याने तो कच्चा असताना एका तालुक्याच्या शाळेत कारकुनाशेजारी एक दुपार काढली असती, तर हे तिथेच दिसलं असतं.

संपादकांशेजारी बसणं आणि पुठ्ठ्याची खोकी मांडणं, दोन्हीला फार खर्च लागला नाही. लागली ती फक्त एक कबुली: काम करणाऱ्याला कामाविषयी काही ठाऊक असतं. कातिबाला ती मिळाली नाही. कारकुनाला, शिक्षकाला आणि खिडकीबाहेर कागद घेऊन उभ्या असलेल्या आईला ती मिळायला हवी, आणि मिळत नसेल तर आपण मागायला हवी.