परदेशात पर्यावरण अभियांत्रिकी : बारावीनंतर की पदवीनंतर?
विजासन लेण्यांच्या भद्रावतीला कोळसा खाणींनी वेढले आहे. इथल्या मुलामुलींना पर्यावरण अभियांत्रिकी शिकावीशी वाटणे साहजिकच. मात्र सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी असली, तरी ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.लाच मिळते. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीही तशीच. म्हणजे परदेशातल्या पदवीचा खर्च घरचाच. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, पण वर्षभराच्या राहण्याखाण्याची रक्कम आधी दाखवावी लागते. बाबासाहेबही १९१३ साली बी.ए. नंतरच बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. चंद्रपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य पदवी, मग परदेशी एम.एस., हाच मार्ग परवडतो. अर्जाआधी विद्यापीठाचे क्यूएस क्रमवारीतले स्थान तपासावे. राज्याच्या शिष्यवृत्तीला ती अट आहे.