तळटीप : गणपत पाटील आणि नाच्या

१. येथे उल्लेखिलेले गणपत पाटील (मृत्यू २००८) हे कोल्हापूरचे नट. तमाशाच्या फडात बायका येण्याआधी नाच्या पोऱ्याच नाचत असे. पुढे त्याच्या वाट्याला बायकी हावभावांचा विनोद राहिला. मराठी तमाशापटांत हा नाच्या पाटलांनी इतक्या ताकदीने उभा केला, की प्रेक्षकांनी त्यांना दुसऱ्या रूपात पाहायचेच नाकारले. त्यांचा संसार होता, मुलेबाळे होती. तरी ‘तसलाच’ हा शिक्का घरच्यांनाही सोसावा लागला. पडद्यावर टाळ्या आणि रस्त्यावर टवाळी, हा आपल्या समाजाचा उघड अन्यायच म्हटला पाहिजे. हीच जखम कागलच्या आनंद यादवांनी ‘नटरंग’ (१९८०) या कादंबरीत मांडली. तिचा नायक गुणा हा अंगापिंडाने पैलवान, शेतमजूर. तमाशाच्या वेडापायी तो फड काढतो आणि नाच्या मिळेना म्हणून स्वतःच कंबर लचकवायला शिकतो. कादंबरीवरचा रवी जाधव दिग्दर्शित चित्रपट २०१० च्या आरंभी प्रदर्शित झाला. त्यात अतुल कुलकर्णींचा नायक ‘गुणा कागलकर’ हे नाव लावतो. चित्रपट पाहिलेल्या वाचकांनी कादंबरीही जरूर वाचावी.