ब्लॅक लोकस्ट : एका वृक्षाच्या स्थानिकतेचा इतिहास

प्रस्तावना :
परागीभवन करणाऱ्या कीटकांच्या रक्षणासाठी स्थानिक वृक्ष लावावेत, असे आज सर्वत्र प्रतिपादन केले जाते. परंतु वृक्ष ‘स्थानिक’ कोठे ठरतो, हा प्रश्न इतिहासाचाही आहे. उत्तर अमेरिकेतील ब्लॅक लोकस्ट हा वृक्ष या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

मूळ भूमी :
ॲपलेशियन पर्वतरांग व ओझार्क पठार ही या शिंबावंत वृक्षाची मूळ भूमी होय. मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नायट्रोजन स्थिर करीत असल्यामुळे निकस जमिनीतही तो वाढतो. मे-जूनमध्ये त्यास पांढऱ्या सुगंधी फुलांचे घोस येतात. फुलाच्या मिटलेल्या पाकळ्या दाबून परागकणांपर्यंत पोहोचण्याचे कार्य तेथील बंबल-बी या केसाळ, दणकट माश्या समर्थपणे करतात. काही फुलपाखरांच्या अळ्या त्याच्या पानांवर वाढतात.

स्थलांतर :
पॅरिस येथील राजोद्यानपाल जाँ रोबँ याने १६०१ मध्ये हा वृक्ष लावला, अशी परंपरा आहे. त्याच्या पुत्राने १६३६ मध्ये लावलेला वृक्ष तेथील वनस्पती उद्यानात आहे. लिनिअसने १७५३ मध्ये रोबँच्या नावावरून त्यास ‘रोबिनिया सूडोअकेशिया’, म्हणजे ‘भासमान बाभूळ’, असे नाव दिले. दरम्यान १६२२ मध्ये युरोपीय मधमाशी व्हर्जिनियात नेण्यात आली होती. अशा रीतीने वृक्ष युरोपात गेला आणि मधमाशी अमेरिकेत आली. दोन्ही खंडांत त्यांचा संबंध मानवी हस्तक्षेपातून जुळला.

परस्परविरोधी मूल्यमापन :
अठराव्या शतकात हंगेरीत पोहोचलेल्या या वृक्षाने तेथील वाळूची मैदाने स्थिर केली. आज त्या देशाच्या वनक्षेत्राचा सुमारे एक चतुर्थांश भाग त्याने व्यापला असून, ‘अकेशिया मध’ म्हणून विकला जाणारा मध याच्याच फुलांचा असतो. याउलट, अमेरिकेतच परंतु मूळ क्षेत्राबाहेर असलेल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात त्याच्या विक्रीस बंदी आहे. कारण मुळांपासून फुटणाऱ्या धुमाऱ्यांनी तो पसरतो व मोकळ्या गवताळ भूमीतील मूळ वनस्पतींना हटवितो.

निष्कर्ष :
मधाचे उत्पन्न आणि परागीभवकांचे संवर्धन या भिन्न गोष्टी आहेत. स्थानिकता राजकीय सीमांवरून ठरत नाही. ती भूमी, वनस्पती व कीटक यांच्या दीर्घ सहवासातून सिद्ध होते. म्हणून ॲपलेशियन उतारावर उपकारक ठरणारी हीच लागवड अन्यत्र करण्यापूर्वी त्या भूमीचा इतिहास तपासणे आवश्यक ठरते.