कच्छचे आभलाभरत : पेटीतून बाजारात

उपाश्रयात व्याख्यानाच्या पाटामागे लावला जाणारा जरीचा छोड आणि मंगलप्रसंगी दाराला बांधले जाणारे आभल्यांचे तोरण, ही दोन्ही पश्चिम भारताच्या भरतकामाची लेणी होत. छोड धर्मस्थानात जपला गेला. आभलाभरत मात्र घरच्या पेटीत वाढले आणि पुढे बाजारात आले.

कच्छ, सौराष्ट्र, सिंध व थर हा त्याचा मुलूख. आभले म्हणजे कापडावर बसविलेला आरशाचा तुकडा. त्याला भोक नसते. प्रथम त्यावरून आडवे-उभे धागे ताणून चौकट बांधतात. मग त्या धाग्यांत सुई गुंतवीत कडेने भरण घालतात, तेव्हा काच पक्की बसते. ही काच खेडा जिल्ह्यातील कपडवंज येथे होत असे. कारागीर काचेचे पातळ गोळे फुंकीत, आतून चकाकीचा लेप देत आणि फोडून तुकडे करीत. म्हणूनच जुन्या आभल्याला किंचित बाक असतो. जाणकाराचे बोट तो लगेच ओळखते.

भुजच्या मोची कारागिरांचे आरीभरत हा पुरुषांचा, दरबारी आश्रयाचा व्यवसाय होता. अहीर व रबारी स्त्रियांचे भरत विक्रीसाठी नव्हतेच. अहिरांची आभली गोल. रबारी स्त्रिया त्रिकोणी, चौकोनी, लांबट असे नाना आकार योजीत. कांचळी, घागरा, चाकळा, तोरण, कोथळी हे सारे लेकीच्या आण्याचे, म्हणजे सासरी न्यावयाच्या ठेव्याचे. त्याला भाव नव्हता, कारण तो कोणी विचारीतच नसे.

१९६९ च्या दुष्काळात हे बदलू लागले. धाणेटी गावी चंदाबेन श्रॉफ यांनी अहीर स्त्रियांकडून साड्या भरवून घेतल्या व मुंबईत विकल्या. त्यातूनच ‘श्रुजन’ संस्था उभी राहिली. सुईने घरात धान्य आणले, हे थोडे नव्हे.

पुढे १९९५ मध्ये ढेबरिया रबारी समाजाच्या पंचांनी स्वतःच्या वापरासाठी हाताने भरत करण्यास बंदी घातली. आणे पुरे करण्यात वर्षे जात व मुलीची पाठवणी लांबे, हे त्याचे कारण. अपरिग्रहाचा संस्कार झालेल्या वाचकास पंचांचा हेतू अनाकलनीय वाटणार नाही. तथापि, या हिशेबात जमेची बाजू मांडलीच गेली नाही. परक्यांसाठी मजुरीने भरत करण्यास मोकळीक होती. आपल्या लेकीसाठी मात्र मनाई. कित्येक जुन्या पेट्या रिकाम्या झाल्या, व्यापाऱ्यांनी त्यांतील चाकळे-घागरे कापून पिशव्या आणि उशांचे अभ्रे शिवले. आणि ढेबरिया मुलींनी तयार फिती, लेस व शिवणयंत्र हाती घेऊन नव्या तऱ्हेचे आणे सजविण्यास आरंभ केला.