संगणकीय पदार्थसंशोधन आणि पुणे : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
पदार्थ आधी घडवायचा आणि मग त्याचे गुणधर्म तपासायचे, ही पदार्थविज्ञानाची परंपरागत रीत होय. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणकाने तिला पूरक असा मार्ग दिला. या वाटचालीतील पुणे विद्यापीठाच्या कार्याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पार्श्वभूमी :
हैदराबादेत जन्मलेले अनीसुर रहमान यांनी १९६४ साली अमेरिकेत द्रवरूप आरगॉनच्या ८६४ अणूंची हालचाल सीडीसी ३६०० या संगणकावर गणली. त्याच सुमारास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही सीडीसी ३६०० दाखल झाला. इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून पदार्थाची ऊर्जा काढण्याचा वॉल्टर कोन व सहकाऱ्यांचा सिद्धांत १९६४-६५ मधील आहे; त्यासाठी कोन यांना १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाले व १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला.

गॅलियमचे कोडे :
गॅलियम हा धातू सुमारे ३० अंश सेल्सियसला, म्हणजे तळहातावरही वितळतो. कणाचा आकार घटला की वितळणबिंदू उतरतो, असा सर्वसाधारण समज होता. मात्र अमेरिकेतील जॅरोल्ड यांच्या गटाने २००३ साली दाखविले की, गॅलियमचे मोजक्या अणूंचे पुंज त्याहून कितीतरी अधिक तापमानालाही घनरूप राहतात. पुणे विद्यापीठातील दिलीप कान्हेरे व सहकाऱ्यांनी २००४ साली संगणकीय प्रतिरूपणाद्वारे याचे कारण मांडले : पुंजातील अणुबंध धातूसारखे नसून सहसंयुज स्वरूपाचे, म्हणून अधिक बळकट असतात. पुढे ३० व ३१ अणूंच्या पुंजांच्या वितळण्यातील फरकाचे मूळ त्यांच्या भौमितिक रचनेत आहे, हे याच गटाने २००६ साली दाखविले.

निष्कर्ष :
येथे प्रयोगाने प्रश्न उभा केला व गणनेने उत्तर दिले. अमेरिकेत २०११ साली सुरू झालेल्या मटेरियल्स जीनोम उपक्रमाने हा क्रम उलटविण्याचे, म्हणजे गणना व विदा यांच्या आधारे पदार्थ आधी निवडण्याचे ध्येय ठेवले. तरीही अंतिम कसोटी प्रयोगशाळेचीच राहते. दिंडोरीसारख्या तालुक्यातील महाविद्यालये याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. महागडी उपकरणे नसलेल्या विभागांना हा इतिहास एक गोष्ट सांगतो : संगणक आकडे देतो, विचारण्याजोगा प्रश्न मात्र अभ्यासकालाच शोधावा लागतो.