जिजाबाईंनी सोडवलेला किल्ला

मालवणच्या धक्क्यावर आमच्या गटाच्या बाया कोकम सरबत नि खाजं विकतात. पर्यटक विचारतात, किल्ला कोणी बांधला? शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर पाया घातला, हे आम्ही झोपेतही सांगू. पण एका शाळकरी मुलीने विचारलं, "मग पुढे काय झालं?" तेव्हा आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. म्हणून आज ते पुढचं सांगतो.

साधारण अडीचशे वर्षांमागे आपल्या किनाऱ्यावर किती सत्ता होत्या बघा. वर विजयदुर्ग पेशव्यांकडे, मध्ये मालवण कोल्हापूरकर छत्रपतींकडे, खाली वाडीकर सावंत आणि त्यांच्या पलीकडे गोव्यात पोर्तुगीज. मुंबईहून मलबारकडे जाणाऱ्या गलबताला या सगळ्यांच्या दारावरून जावं लागे. मालवणच्या बंदरात पाण्याखाली खडक आणि वाट अरुंद. ती इथल्या तांडेलालाच ठाऊक. चारी बाजूंनी खारं पाणी, पण बेटावर दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरी. घाटावरच्या कोल्हापूरला समुद्राचं दार ते हेच.

दारात बसलेला जकात मागणारच. आमचा परवाना घ्या, नाहीतर माल जप्त. इंग्रज याला चाचेगिरी म्हणत. गंमत अशी, की मुंबईचे इंग्रज स्वतःही व्यापाऱ्यांना परवाने देतच होते!

१७६५ साली इंग्रजांचं आरमार आलं, किल्ला घेतला आणि त्याचं नाव ठेवलं फोर्ट ऑगस्टस. नाव ठेवलं खरं, पण किल्ला सांभाळणं परवडेना. त्या वेळी कोल्हापूरचा कारभार राणी जिजाबाई बघत होत्या. या शिवरायांच्या आईसाहेब नव्हेत. शिवरायांचे नातू संभाजीराजे, त्यांच्या या पत्नी. पती वारलेले, दत्तक मुलगा लहान. इंग्रजांनी किल्ला परत द्यायचे ३ लाख ८२ हजारांवर रुपये मागितले, व्यापाराला त्रास देणार नाही असं वचन मागितलं, आणि वर जामीन. गटाचं कर्ज फेडणाऱ्या आपल्याला जामीन म्हणजे काय ते सांगायला नको. आपलाच किल्ला, आणि आपणच पैसे कबूल करून सोडवायचा! पुढच्या वर्षी तो परत मिळाला.

भांडण काही मिटलं नाही. शेवटी १ ऑक्टोबर १८१२ च्या तहाने सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट असे मालवणचे चारही कोट इंग्रजांकडे गेले. मालवण पुढे रत्नागिरी जिल्ह्यात राहिलं. १९८१ साली आपला जिल्हा वेगळा झाला, तेव्हा त्याला नाव मिळालं ते या बेटावरच्या किल्ल्याचं.

आता धक्क्यावर कोणी विचारलं, तर आम्ही १६६४ वर थांबत नाही, जिजाबाईंपर्यंत येतो. होडी सुटायची घाई असते. तेवढ्यात जमेल तेवढं सांगतो.